एकच एसे फिरवून फिरवून ९ कॉलेजांना पाठवला तर चालते का?

नाग_नदीकाठची

नमस्कार. मी १२वीला आहे, नागपूरची, आणि डोकं पूर्ण जाम झालंय म्हणून इथं विचारून राहिली आहे. अमेरिकेत ९ कॉलेजं (त्यात यूसीचे, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे, दोन कॅम्पस) आणि यूकेत ५ अशी लिस्ट फायनल केली, सिव्हिल किंवा एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंगसाठी. कॉमन ॲपचा (एकाच फॉर्मवर बऱ्याच कॉलेजांना अप्लाय करायची वेबसाइट) ६५० शब्दांचा मेन एसे झाला. पण प्रत्येक कॉलेजचे सप्लिमेंट, म्हणजे त्यांचे स्वतःचे जास्तीचे प्रश्न, वेगळे न, कोणाचा १०० शब्दांचा, कोणाचा २५०, कोणाचा ३००, आणि यूसीचा फॉर्मच वेगळा, तिथं ८ प्रश्नांतले ४ निवडायचे आणि प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत लिहायचं. काल रात्री वहीत मोजले तर २३ उत्तरं निघाली. पहिली डेडलाईन १ नोव्हेंबर, डिसेंबरात प्रीबोर्ड, आणि फिजिक्स अजून अर्धंही रिवाइज झालं नाही.

माझा मेन एसे २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेवर आहे. बाहेरगावच्यांसाठी सांगते, त्या रात्री नागपुरात ढगफुटीसारखा पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदीचं पाणी आमच्या लेआउटमध्ये शिरलं. मी तेव्हा १०वीत होते. आम्ही तळमजल्यावर राहतो. आदल्या दिवशी घरी महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं, सगळे थकून झोपलेले, आणि आईनं अंधारात पाय खाली टाकला तर पाणी. बाबांनी आजीला उचललं, आईनं महालक्ष्म्यांचे मुखवटे उचलले आणि आम्ही वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेलो. पाणी उतरल्यावर भिंतीवर चिखलाची एक रेघ राहिली, ती मी टेपनं मोजली, ३ फूट २ इंच. मग शेजारच्यांची मोजली, मग पूर्ण गल्लीतली ३१ घरं मोजली आणि त्याचा नकाशा केला. तो नकाशा करतानाच मला कळलं की मला हेच शिकायचंय.

आता प्रश्न. एक, हाच एसे छोटा करून सगळीकडे वापरला तर ती चीटिंग होते का? दोन, बाबा म्हणतात एकच चांगला लिही आणि कॉलेजचं नाव बदलत जा, ज्या काउन्सेलरकडे गेलो होतो त्यांनीही रिकाम्या जागा भरा टाईप एक फॉर्मॅट दिला, ते मला मनातून पटून नाही राहिलं. आणि तीन, सगळ्यात महत्त्वाचं, मी ६५० चे २५० केले की ते पेपरमधल्या बातमीसारखं होऊन जातं, त्यात मीच उरत नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा.

---

बर्डीची_ताई

अगं आधी एक मोठा श्वास घे. मी तीन वर्षांपूर्वी ११ कॉलेजांना अप्लाय केलं होतं, सध्या इकडे थर्ड इयरला आहे, तुझी पोस्ट वाचून तेव्हाची मी आठवले.

चीटिंग अजिबात नाही. तुझी गोष्ट, तुझे शब्द. कॉमन ॲप तर बनलंच त्यासाठी आहे, एक मेन एसे जास्तीत जास्त २० कॉलेजांना जातो आणि वाचणाऱ्यांना ते माहीत असतं. एका ठिकाणी सबमिट केल्यावर पुढच्या कॉलेजसाठी तो बदलताही येतो, फक्त आधीच्या कॉलेजकडे जुनाच राहतो.

पण तू छोटा करायला बसलीस न, तिथंच गडबड आहे. एसे छोटा करायचा नसतो. २५० शब्दांच्या प्रश्नासाठी एसे उघडूच नको, त्या पहाटेकडे परत जा आणि हा प्रश्न त्या पहाटेतलं नेमकं काय मागून राहिला ते बघ. तुझ्याकडे एक एसे नाही आहे, तुझ्याकडे एक रात्र आणि नंतरचे काही महिने आहेत, आणि त्यात मला वाचतानाच कमीत कमी चार वेगळ्या गोष्टी दिसल्या. आईनं काय उचललं आणि तू काय उचललं ही एक. वरच्या काकूंच्या घरात किती जण होते, काय खाल्लं, कोण कुठं झोपलं ही दुसरी. टेप घेऊन तू लोकांच्या दारात गेली तेव्हा लोक काय बोलले, कोणी हाकललं का, ही तिसरी. आणि चौथी म्हणजे त्या रेघा घराघरात सारख्या नव्हत्या, त्या का नव्हत्या, तो प्रश्न. कम्युनिटीवर विचारलं तर दुसरी, हा विषय का निवडला विचारलं तर चौथी, आणि चौथीत महालक्ष्म्या यायचीच गरज नाही. मग शब्द कमी पडणार नाहीत कारण तू पूर्ण पूर त्यात कोंबून नाही राहिली.

आता एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती आणि त्यामुळे माझे दोन कॉलेजांचे फॉर्म कमजोर गेले. तू प्रश्नांची लिस्ट केली, २३ उत्तरं. ती लिस्ट फाडून टाक आणि कॉलेजप्रमाणे कर. कारण वाचणाऱ्याच्या समोर तुझे २३ एसे नसतात, त्याच्या समोर तुझा मेन एसे आणि त्याच कॉलेजची दोनतीन उत्तरं एकामागोमाग असतात. मेन एसेत पूर, कम्युनिटीच्या उत्तरात पुन्हा पूर, विषय का निवडला त्यातही पूर, तर त्या माणसाला वाटेल की या पोरीच्या आयुष्यात एकच गोष्ट झाली. मी हेच केलं होतं, माझ्या आजोबांच्या संत्र्याच्या बागेवर मेन एसे, आणि मग जिथं जिथं जागा दिसली तिथं बाग. एका कॉलेजला तर तिन्ही उत्तरांत बाग होती. वेगवेगळ्या कॉलेजांना तेच चालते, एकाच कॉलेजला तेच तेच नाही चालत.

म्हणून जिथं मेन एसे पुरावर जातोय तिथं बाकीच्या उत्तरांत दुसरी तू दिसली पाहिजे. पूर सोडून काय करते तू? खरंच लिहून काढ, दहा गोष्टी तरी. ॲक्टिव्हिटीजमध्ये तसेही १० लिहायला जागा असते, नकाशा तिथं टाक, १५० कॅरेक्टरमध्ये तेवढा बसतो.

यूसीचं मात्र उलटं आहे. त्यांना तुझा कॉमन ॲपचा एसे दिसतच नाही, त्यांचा फॉर्म स्वतंत्र आहे आणि दोन्ही कॅम्पसला तीच चार उत्तरं जातात. तिथं पूर मोकळेपणानं वापर, पण चारमधल्या एकात, फार फार तर दोनात. शाळा किंवा कम्युनिटीसाठी काय केलं असा त्यांचा एक प्रश्न आहे, नकाशा त्याच्यासाठी तयारच आहे.

‘आमचंच कॉलेज का’ वाला प्रश्न शून्यातून लिही, त्याला पर्याय नाही. मी एक पूर्ण संध्याकाळ एका कॉलेजला द्यायची, त्यांची कोर्सची लिस्ट उघडून बसायची. तू ‘शहरातलं पावसाचं पाणी कुठं जाते’ हा तुझा प्रश्न घेऊन ती लिस्ट वाच, जे दोन कोर्स त्या प्रश्नाला भिडतात तेवढेच घे, आणि ते का हवेत ते भिंतीवरच्या रेघेशी जोड. सुंदर कॅम्पस, जगप्रसिद्ध प्राध्यापक हे सगळं काढ. त्यांना त्यांचं कॉलेज माहीत आहे.

---

इंग्रजी_शिकवते

बेटा, मी ज्युनियर कॉलेजमध्ये २२ वर्षं इंग्रजी शिकवली आणि आता घरी येणाऱ्या मुलांचे असे निबंध बघते. तुझा तिसरा प्रश्न मला फार जवळचा वाटला म्हणून तेवढ्यावरच लिहिते.

छोटं करताना मुलं काय करतात माहीत आहे? ज्या वाक्यांत वस्तू आहेत ती उडवतात आणि ज्या वाक्यांत अर्थ सांगितला आहे ती ठेवतात. त्यांना वाटते की अर्थ महत्त्वाचा. मग उरते काय, ‘या पुराने मला संकटाचा सामना करायला शिकवले आणि समाजाचे महत्त्व समजले.’ हे वाक्य उत्तराखंडचा मुलगाही लिहू शकतो, केरळचाही. आणि उडवलं काय, तर आईनं अंधारात टाकलेला पाय. ३ फूट २ इंच. तू तुझ्या पोस्टमध्ये सहज लिहिलेल्या दहा ओळी मी दोनदा वाचल्या, त्यात बातमी कुठंच नाही. म्हणजे तुला येते. इंग्रजी एसे म्हटलं की तू घाबरून भाषण देते.

माझं ऐकशील तर पहिला खर्डा मराठीत कर. लिहू पण नको, फोनवर रेकॉर्ड कर, तुझ्या आजीला सांगतेस असं सांग. मग ते ऐकून इंग्रजीत लिही. मुलं मला म्हणतात मॅडम डबल काम होईल, नाही होत, उलट वेळ वाचतो, कारण मराठीत बोलताना तू ‘रेझिलियन्स’ म्हणूच शकत नाहीस, तुला सांगावंच लागते की पाणी कुठपर्यंत होतं.

आणि एक पद्धत सांगते, माझ्या मुलांना यानं फरक पडला. २५० शब्दांत वेळ फार पुढंमागं नेऊ नको. ६५० मध्ये पहाट, दुपार, पुढचा महिना, पुढचं वर्ष जमते. २५० मध्ये एक खोली आणि एक तास. काकूंची खोली घेतली तर तिथंच राहा, नकाशावर जाऊ नको. १०० शब्दांच्या उत्तरात तर एकच वस्तू घे, तो टेप घे. कोणाचा होता टेप? बाबांचा? पाण्यात भिजून त्याच्या आकड्यांचं काही झालं का? असं विचारत गेलं की आपोआप लिहिता येते.

रिकाम्या जागांचा तो फॉर्मॅट बाजूला ठेव. मी असे फॉर्मॅट पाहिले आहेत, पहिल्या ओळीत एखादा थोर विचार, दुसऱ्या परिच्छेदात अडचण, तिसऱ्यात विजय. एकाच गावातून पाच मुलं तोच साचा भरून पाठवतात, आणि त्यात ज्या मुलाकडं खरंच सांगण्यासारखं काही असते त्याचं नुकसान सगळ्यात जास्त होते. मला याचा खरंच त्रास होतो.

---

लीड्स_ते_लकडगंज

यूकेवाल्या भागाचं मी सांगतो, कारण तिथं वरचं बरंच काही लागू होत नाही.

यूकॅसमध्ये, म्हणजे यूकेच्या युनिव्हर्सिटींना अप्लाय करायच्या कॉमन फॉर्ममध्ये, एकच पर्सनल स्टेटमेंट, तेच पाचही युनिव्हर्सिटीला जाते. त्यामुळे तिथं कोणत्याही युनिव्हर्सिटीचं नाव घ्यायचंच नाही, ‘तुमचंच कॉलेज का’ हा विषयच नाही. माझ्या वेळी एक सलग निबंध होता, २०२६ च्या ॲडमिशनपासून तीन प्रश्न केले आहेत: हा विषय का, शिक्षणातून त्याची तयारी कशी झाली आणि शिक्षणाबाहेर काय केलं. तिन्ही मिळून स्पेस धरून ४००० कॅरेक्टर, आणि प्रत्येकात कमीत कमी ३५०. शब्द नाही, कॅरेक्टर, हे लक्षात ठेव, वर्डमध्ये शब्द मोजत बसली तर शेवटच्या दिवशी रडशील.

तुझा कॉमन ॲपचा एसे इथं टाकू नको. अमेरिकेवाल्यांना तू कोण आहेस ते पाहायचं असते, यूकेवाले विषयावर बोलतात. महालक्ष्म्या आणि आई हे इथं एका वाक्याच्या वर नको. इथं लिही की ३१ घरांच्या रेघा मोजल्या, जमिनीची उंची सारखी नाही म्हणून नुसत्या रेघेची तुलना होत नाही हे कधी लक्षात आलं, मग काय केलं, फिजिक्सच्या कोणत्या धड्याशी ते जुळलं, त्यावर काय वाचलं. नकाशाचं तांत्रिक अंग तू पोस्टमध्ये एका ओळीत उडवलंस, यूकेसाठी तेच मेन आहे.

अजून एक. यूकॅसमध्ये स्टेटमेंट आधीच्या सगळ्या स्टेटमेंटांच्या साठ्याशी ताडून पाहतात, आणि जास्त जुळलं तर युनिव्हर्सिटीला कळवतात. स्वतःचं मटेरियल वापरायला काही हरकत नाही पण तुझं स्टेटमेंट मैत्रिणीला ‘फक्त बघायला’ पाठवू नको. माझ्या बॅचमध्ये एका पोट्ट्यानं दोस्ताला सॅम्पल म्हणून दिलं, त्यानं दोन परिच्छेद जसेच्या तसे उचलले, आणि निस्तरावं लागलं दोघांनाही. ज्यानं लिहिलं होतं त्याचा काही दोष नव्हता तरी त्याला ते सिद्ध करत बसावं लागलं. वाचून दाखव, फाइल देऊ नको.

---

एका_मुलाचा_बाबा

मी थोडं वेगळं म्हणतो, राग मानू नये. माझ्या मुलानं गेल्या वर्षी जवळपास सगळं जुळवाजुळव करूनच पाठवलं होतं, १४ कॉलेजं, हा तुकडा इकडे, तो तुकडा तिकडे. मीच त्याला सांगितलं होतं की वेळ वाचव, म्हणून तुझ्या बाबांची बाजू मला समजते बेटा, आम्हाला मुलं रात्री दोनपर्यंत जागी दिसतात तर आम्ही सोपा रस्ता सांगतो. पण नंतर मी त्याचे सगळे एसे एकदा ओळीनं बसून वाचले, तर शिवण दिसत होती. एका परिच्छेदात तो फुटबॉलवर बोलत होता आणि पुढच्या ओळीत एकदम लीडरशिप, कारण मुळात ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर होतं. आणि एका ठिकाणी शेवटच्या ओळीत दुसऱ्याच कॉलेजचं नाव तसंच राहून गेलं. रात्री अकराला सबमिट केलं, सकाळी कळलं. त्या मुलाचं तोंड मला आजही आठवते.

म्हणून माझं म्हणणं असं की जी दोनतीन कॉलेजं तुला मनापासून हवी आहेत त्यांचं सगळं कोऱ्या कागदावर लिही, काहीच उचलू नको. बाकीच्यांसाठी त्यातून घे. आम्ही उलटं केलं होतं, आधी सोप्या कॉलेजांचं लिहिलं आणि त्याचेच तुकडे शेवटी आवडत्यांना पाठवले, तोपर्यंत मुलगा थकला होता. आणि सबमिट करायच्या आधी पीडीएफ प्रीव्ह्यू दुसऱ्या माणसानं मोठ्यानं वाचावा. मोठ्यानंच. बाबांना हे काम दे, त्यांनाही बरं वाटेल.

---

बर्डीची_ताई

काका, नावाचं अगदी खरं. मी प्रत्येक कॉलेजची वेगळी फाइल करायची आणि ड्राफ्टमध्ये कॉलेजचं नाव लिहायचीच नाही, तिथं तीन चौकोन टाकायची, शेवटच्या दिवशीच नाव भरायची. पण पहिली दोनतीन पूर्ण कोरी लिहायची याच्याशी मी पूर्ण सहमत नाही. माझा सगळ्यात चांगला कम्युनिटीचा एसे तिसऱ्या कॉलेजसाठी लिहिताना झाला, पहिल्या दोन वेळा मला माझीच गोष्ट सापडली नव्हती. म्हणून आवडतं कॉलेज डेडलाईनप्रमाणे जमत असेल तर तिसऱ्या-चौथ्या नंबरवर घे. हात बसलेला असतो आणि थकवा आलेला नसतो.

---

नाग_नदीकाठची

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, मी खरंच इतकी मोठी उत्तरं येतील असं समजले नव्हते. काल कॉलेजप्रमाणे तक्ता केला तर २३ ची खरी भानगड कळली. सात कॉमन ॲपवाल्या कॉलेजांपैकी पाचांत मी पूर दोनदा आणि एकात तीनदा टाकला होता. आता मेन एसे पूर, कम्युनिटीसाठी मी आमच्या गल्लीतल्या लहान मुलांना रविवारी सायकल दुरुस्त करायला शिकवते ते घेतलं, ते मला सांगण्यासारखं वाटतच नव्हतं. काकूंची खोली यूसीसाठी ठेवली.

आणि मॅडम, तुम्ही म्हटल्याप्रमाणे आजीलाच सांगितलं आणि रेकॉर्ड केलं. मधात तिनं मला थांबवलं, म्हणे तू विसरली, काकूंच्या घरी आपण १३ जण होतो आणि गॅस भिजू नये म्हणून सिलिंडर पलंगावर ठेवला होता. आणि आपल्याच घरची आदल्या दिवशीची आंबील आणि पुरणपोळ्या सगळ्यांनी सकाळी खाल्ल्या, महालक्ष्म्यांसमोर, कारण त्यांना तिथंच कपाटाला टेकवून बसवलं होतं. हे माझ्या ६५० शब्दांत कुठंच नव्हतं! मी आज त्याच्यावर ३४० शब्द लिहिले आणि एकदाही लर्न्ट हा शब्द आला नाही. टेप वरच्या काकांचा होता, आमचा वाहून गेला होता, तेही आजीनंच सांगितलं.

बाबांना पीडीएफ वाचायचं काम दिलंय, ते लगेच हो म्हणाले.

एकच शेवटचं विचारते, आंबीलला इंग्रजीत काय लिहू? फर्मेंटेड पोरिज लिहिलं तर आई म्हणते ते ऐकूनच कोणी खाणार नाही.

---

इंग्रजी_शिकवते

आंबीलच लिही बेटा, आणि पुढं चार शब्दांत ज्वारीची, आंबट, ताकातली एवढं सांग. सिलिंडर पलंगावर होता ते वाक्य मात्र पहिलं घे, महालक्ष्म्या त्यानंतर. आणि १३ जण कोण कोण होते ते आजीला पुन्हा एकदा विचारून घे, चारपाच जणांची तरी ओळख त्यात येऊ दे.